‘गाडी अ‍ॅव्हरेज देते’ : फर्दापूरच्या वाटेवरून इंधनबचतीच्या इतिहासाकडे

मोटारीसंबंधी जे शब्दप्रयोग मराठी बोलण्यात रूढ झाले आहेत, त्यांत ‘गाडी किती अ‍ॅव्हरेज देते?’ हा प्रश्न अभ्यासकाचे लक्ष विशेष वेधून घेतो. मूळ इंग्रजीत ह्या शब्दाचा अर्थ केवळ सरासरी. मराठीत मात्र त्यास ‘एका लिटर इंधनात तोडलेले अंतर’ असा निश्चित अर्थ प्राप्त झाला. अर्थसंकोचाचे हे ठळक उदाहरण होय. परंतु प्रस्तुत निबंधाचा रोख नामापेक्षा क्रियापदावर अधिक आहे. गाय दूध देते, झाड फळ देते, तशी गाडी अ‍ॅव्हरेज देते. आणि बिनसली म्हणजे पेट्रोल ‘पिते’. दोन्ही वाक्यांत कर्ता गाडी. चालक वाक्याच्या बाहेर. वस्तुस्थिती खरोखर अशी आहे काय? इंधनबचतीचा इतिहास ह्या वाक्यरचनेस फारसा दुजोरा देत नाही, असे आमचे मत आहे.

हा इतिहास तपासण्यास फर्दापूर हे गाव सोयीचे आहे. सोयगाव तालुक्यातील हे गाव अजिंठ्याच्या घाटाच्या पायथ्याशी वसले आहे. घाट चढण्यापूर्वी किंवा उतरल्यानंतर वाटसरूने विसावा घ्यावा, हा येथील जुना क्रम. मोगलकालीन सराई त्याची साक्ष देते. त्या काळच्या गाडीवानास ‘अ‍ॅव्हरेज’ हा शब्द ठाऊक नव्हता. परंतु आखास वंगण नसेल तर बैल लवकर दमतो, ओझे अधिक झाले तर चढ लागत नाही, आणि बैलास उगाच पळविले तर पुढचा पल्ला गाठता येत नाही, ह्या तिन्ही गोष्टी तो पक्क्या जाणून होता. गाडीखाली टांगलेले वंगणाचे नळकांडे हे त्या ज्ञानाचे चिन्हच म्हणावयाचे. आज मोटारीच्या तेलासही आपण ‘वंगण’ म्हणतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. शब्द टिकला, त्यामागील दक्षता टिकली काय, हा प्रश्न आहे.

मोटारयुगाच्या आरंभी फर्दापूर निजामाच्या राज्याच्या सीमेवर होते. उत्तरेस ब्रिटिश हद्दीतील पूर्व खानदेश जिल्हा लागे. लेणी पाहण्यास येणारे प्रवासी जळगावपर्यंत, किंवा पाचोरा-जामनेर ह्या अरुंदमापी रेल्वेने पहूरपर्यंत येत आणि पुढील वाट सडकेने काटीत. निजाम राज्य रेल्वेने जून १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी आपला मोटारवाहतूक विभाग सुरू केला, आणि राज्याच्या सडकांवर सरकारी बस धावू लागली.

इंधनाची खरी जाणीव मात्र दुसऱ्या महायुद्धाने करून दिली. १९४१ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात पेट्रोलचे नियंत्रित वाटप सुरू झाले. पेट्रोल कूपनावर मिळू लागले, आणि अनेक प्रवासी गाड्यांच्या पाठीवर लोणारी कोळशाची भट्टी चढली. अपुऱ्या हवेत कोळसा जाळला म्हणजे जो ज्वलनशील वायू निघतो, त्यावर ह्या गाड्या चालत. पेट्रोलच्या मानाने त्यांची ताकद कमी. चढावर तर ती विशेष अपुरी पडे. निघण्यापूर्वी भट्टी पेटवून ठेवावी लागे, राख काढावी लागे, वायूची गाळणी वरचेवर साफ करावी लागे. थोडी हयगय झाली की गाडी वाटेतच थांबे. देखभाल आणि पल्ला ह्यांचा संबंध इतका उघड पुन्हा क्वचितच दिसला असेल. त्या काळी गाडी काही ‘देते’ असे म्हणण्याची सोय नव्हती. तिच्याकडून ते मिळवावे लागे.

स्वातंत्र्यानंतर १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर मुंबई राज्याची पहिली एस. टी. बस धावली. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १९६१ मध्ये मराठवाड्याची परिवहन सेवा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन झाली. ह्याच काळात १९५६ च्या वजनेमापे कायद्यामुळे मेट्रिक पद्धती आली. गॅलनला मैल जाऊन लिटरला किलोमीटर आले. जुन्या गॅलनला ३० मैल म्हणजे नव्या हिशेबाने लिटरला सुमारे साडेदहा किलोमीटर. एस. टी.ने स्वतःसाठी वेगळेच माप स्वीकारले : ‘केपीटीएल’, म्हणजे दहा लिटर डिझेलमागे किलोमीटर. आगारात ह्या मापाने केवळ गाडीची नव्हे, तर चालकाच्या हाताचीही परीक्षा होते. एकच गाडी दोन चालकांच्या हाती दोन आकडे दाखविते, हा तेथील नित्याचा अनुभव होय. म्हणूनच आगाराच्या बोलीत ‘अमुक चालक चांगला केपीटीएल देतो’ असे वाक्य संभवते. येथे क्रियापद तेच, परंतु कर्ता बदलला. आमच्या मते हे वाक्य घरगुती वाक्यापेक्षा सत्याच्या अधिक जवळ आहे.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलपुरवठ्यावर निर्बंध घातले आणि काही महिन्यांतच खनिज तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. नेदरलँड्स व पश्चिम जर्मनी ह्या देशांनी काही रविवारी खाजगी मोटारींना बंदी केली. अमेरिकेने १९७४ च्या आरंभी ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची वेगमर्यादा घातली. नवे यंत्र तयार होण्यास वर्षे लागतात, सवय आजच बदलता येते, हे त्यामागील सूत्र होते. भारतात १९७६ मध्ये ह्या कामासाठी एक कृतिगट नेमला गेला, आणि १९७८ मध्ये त्यातून पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्था उभी राहिली. मात्र पुढे गाड्या सुधारत गेल्या तसा लोकांचा विश्वास पुन्हा यंत्रावर बसला. २०१० च्या सुमारास मारुती सुझुकीने ‘कितना देती है’ हा प्रश्नच आपल्या जाहिरातींचा विषय केला, तेव्हा हिंदीतही क्रियापद ‘देणे’ आणि कर्ता गाडीच होती.

आता चालकाच्या हाती नेमके काय आहे, ते पाहू. पहिली गोष्ट वेगाची. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर गेले असता तो दीडपटीहून अधिक होतो. दुसरी गोष्ट हाताच्या आणि पायाच्या संयमाची. एकदम वेग घेणे आणि लगेच ब्रेक दाबणे म्हणजे नुकत्याच जाळलेल्या इंधनाची उष्णता करून ती हवेत सोडून देणे होय. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या अंदाजाप्रमाणे अशा आततायी चालविण्याने महामार्गावर १५ ते ३० टक्के नुकसान होऊ शकते. तिसरी गोष्ट चाकांतील हवेची. ती कमी असेल तर टायर अधिक दबतो आणि गाडी जड चालते. शिवाय टायर लवकर झिजतो. ठरलेला दाब थंड टायरमध्ये, महिन्यातून एकदा तरी तपासावा. टपावरील रिकामे कॅरियर, डिकीतील अनावश्यक ओझे आणि उभ्या गाडीचे चालू इंजिन हेही खर्चाचेच विषय होत.

येथे एक भेद सांगणे अगत्याचे आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत हवेची गाळणी तुंबली की इंधनाचा खर्च वाढे. आजच्या इंजेक्शन पद्धतीच्या पेट्रोल गाडीत हवेच्या मानाने इंधन आपोआप मोजले जाते; त्यामुळे गाळणी तुंबल्यास मुख्यतः गाडीचा जोर कमी होतो. म्हणजे इंधनबचतीचे नियमही इतिहासाधीन आहेत. कालचा नियम आज तपासूनच घ्यावा लागतो.

हा विचार अजिंठ्याच्या घाटात केवळ पैशाचा राहत नाही. उतारावर गाडी ‘न्यूट्रल’मध्ये सोडून इंधन वाचविण्याची सवय अनेक चालकांत आढळते. कार्ब्युरेटरच्या काळी तीत थोडा फायदा असेलही. परंतु त्याची किंमत धोक्यात मोजावी लागे. गिअर काढला की इंजिनाचा अटकाव नाहीसा होतो, सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर निकामी होऊ शकतात. इंजेक्शनच्या गाडीत तर हिशेब उलटाच आहे. गिअरमध्ये राहून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला असता इंजिनास जाणारे इंधन सामान्यतः बंदच होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवण्यास ते चालू राहते. ज्या सवयीस बचत समजले जाते, ती आज ना पैसा वाचविते ना जीव. फर्दापूरला उतरणाऱ्या प्रत्येक चालकाने एवढे तरी जाणावे.

ह्याच गावाने ह्या शतकात आणखी एक धडा घालून दिला. चित्रांस व परिसरास धुराचा उपद्रव होऊ नये म्हणून लेण्यांकडे जाणाऱ्या खाजगी गाड्या फर्दापूरच्या तिठ्यावर थांबविल्या जातात, आणि पुढील सुमारे चार किलोमीटर प्रवासी एस. टी.च्या बसने जातात. जुन्या सराईचा क्रमच येथे नव्या रूपाने आला आहे. थंड इंजिनावरील आखूड फेरी इंधनाच्या दृष्टीने सर्वांत महाग. अशा अनेक फेऱ्या एका बसमध्ये सामावल्या, तर होणारी बचत कोणत्याही एकट्या चालकाच्या कौशल्यापलीकडची असते. चालकाच्या सवयीस समाजाच्या सवयीची जोड लागते, ती अशी.

आपल्या देशास लागणाऱ्या खनिज तेलापैकी चार-पंचमांशाहून अधिक तेल परदेशांतून येते. अशा स्थितीत भाषेतील एका क्रियापदाचा कर्ता कोण, हा प्रश्न केवळ व्याकरणाचा उरत नाही. ‘गाय दूध देते’ असे म्हणणारा शेतकरी वैरणपाण्याचा हिशेब विसरत नाही. त्याच्या वाक्यात तो नसला तरी गोठ्यात असतो. ‘गाडी अ‍ॅव्हरेज देते’ हे वाक्य बदलण्याचे कारण नाही, रूढी तशी बदलतही नाही. ते वाक्य बोलणाऱ्याने टायरमधील हवा, पायाखालचा वेग आणि घाटातील गिअर ह्यांचा हिशेब ठेवला, म्हणजे पुरे.