खडक लागला

खांदेश्वरच्या तळ्याकाठी उभे राहा. काळ उलटा फिरू लागलाय. आधी सिडकोच्या इमारती जातात, पाठोपाठ भातखाचरं, मग खाडीही. सुमारे ६.६ कोटी वर्षं मागे येऊन थांबता तेव्हा तळपायांना चटका बसतो.

प्रबळगड नाही, कर्नाळ्याचा सुळका नाही. डायनासोर बघायच्या आशेने आला असाल तर विसरा, या आगीत कोण थांबणार? भुईला लांबच लांब भेगा पडल्यात आणि त्यांतून अकराशे अंशांना तापलेला लाव्हा पसरत येतोय. वाकून बघा: त्यावर दुधासारखी साय धरते, काळी पडते, सुरकुतते, फाटते आणि फटीतून पुन्हा लालभडक रस. आतल्या वायूचे बुडबुडे जागीच थिजतात. त्या पोकळ्यांत पुढे झिओलाइटचे पांढरे स्फटिक वाढणार आहेत.

आता रसाच्या मागावर भेगेतून खाली उतरा. भूकवच पस्तीस-चाळीस किलोमीटरांत संपतं, मग प्रावरण. इथे उकळता समुद्र असेल असं वाटलं होतं ना? हा तर घट्ट, हिरवट, ऑलिव्हिनने भरलेला खडक! तापलेला असल्यामुळे तो हळूहळू वर सरकतो, डोक्यावरचा दाब घटतो आणि तेवढ्यानेच त्याचा थोडासा भाग वितळतो. वेगळी आच लागत नाही. आपला काळा बसाल्ट हा त्यातूनच आलेला.

२,९०० किलोमीटरनंतर शाळेत घोकलेलं निफे: आधी वितळलेलं लोह-निकेल, ५,१५० किलोमीटरपासून त्याचाच घन गोळा. तिथवर जायला नको, परत फिरा.

येताना जरा थांबा. सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटतोय, किनारा ताणला जातोय, लाव्ह्याचे आडवे थर समुद्राकडे कलतायत. या बाकाला भूवैज्ञानिक ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. १९४९ मध्ये जे. बी. ऑडेन यांनी त्यावर लिहिलं. कवी ऑडेनचे हे थोरले भाऊ.

पोचलात कॉलनीत. पायाच्या खड्ड्यात मुरूम संपून ब्रेकर खणखणतोय, ‘खडक लागला’ म्हणून मुकादम खूश. कोयना भागात गोठण्याला ३ किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा सव्वा किलोमीटरनंतर बसाल्ट संपून जुना ग्रॅनाइट-नाइस लागला. प्रावरण त्याच्याही कितीतरी खाली. त्यातून आलेला माल मात्र खडी होऊन डंपरने दारात पडतो, ब्रासच्या भावाने.