कळणं आणि विचारणं : प्रोस्टेटच्या कर्करोगाचा एक इतिहास

आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं, वैद्यक नाही. तरी आज प्रोस्टेटच्या पसरलेल्या कर्करोगाबद्दल बोलणार आहोत, कारण निर्णय कोणी घ्यायचा हा जुना प्रश्न या आजाराच्या इतिहासात फार स्पष्ट दिसतो.

१९४१ साली शिकागो विद्यापीठात चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवून दिलं, की हा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो. वृषणं काढली किंवा स्त्री-संप्रेरक दिलं, की हाडांच्या दुखण्यानं खाटेला खिळलेल्या अनेकांना थोड्याच दिवसांत आराम पडे. १९६६ मध्ये हगिन्सना नोबेल मिळालं. पण रोग बहुधा काही काळानं पुन्हा डोकं वर काढी. शिवाय कामेच्छा जाणं, अंगातून गरम वाफा येणं, थकवा, ही किंमत मोजावी लागे ती वेगळीच.

आता पाहा, ही किंमत मोजायची की नाही, हे कोणी ठरवायचं? त्या काळी हा प्रश्न रुग्णापर्यंत पोचतच नसे. १९६१ मध्ये डोनाल्ड ओकेन यांनी शिकागोतल्या डॉक्टरांची पाहणी केली. सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल कर्करोगाचं निदान रुग्णाला न सांगण्याकडे होता. १९७९ मध्ये अमेरिकेतच तशी पाहणी झाली, तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत काटा पूर्ण उलटा फिरला. मधल्या काळात रुग्णहक्कांची चळवळ झाली, न्यायालयांचे निकाल आले.

पण सांगितलं म्हणजे संपलं का? १९८९ मध्ये न्यूयॉर्कचे समीक्षक अनातोल ब्रोयार्ड यांना हा आजार पसरलेल्या अवस्थेत असल्याचं कळलं. ते १९९० मध्ये गेले. तोवर आजारावर लिहीत राहिले. डॉक्टरांनी आपल्याला माणूस म्हणूनही ओळखावं, ही त्यांची अपेक्षा. आणि रुग्णानंही आपला आजार आपल्या पद्धतीनं जगावा, हा त्यांचा आग्रह. निदान डॉक्टरांचं असतं. आजारपण मात्र आपलं असतं.

पुढे पर्याय वाढले. २००४ मध्ये डोसेटॅक्सेल या केमोथेरपीनं आयुष्य वाढतं हे सिद्ध झालं. २०११ मध्ये अमेरिकेत अबिराटेरॉनच्या गोळ्यांना मान्यता मिळाली. पर्याय एकच असतो तेव्हा मान डोलावली तरी चालतं. चार असले, की निवडावं लागतं. थोडे महिने जास्त हवेत, की त्रास कमी हवा? याचं उत्तर कुठल्याही रिपोर्टमध्ये नसतं.

आपल्याकडे अजून मुलाला केबिनमध्ये बोलावतात आणि वडील बाहेर बाकावर बसतात. हेतू मायेचाच असतो. पण २००८ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही एका निकालात सांगितलं, की सज्ञान, शुद्धीवर येऊन स्वतः ठरवू शकणाऱ्या रुग्णाऐवजी आईनं दिलेली संमती चालत नाही. अपवाद फक्त जीव वाचवण्याच्या घाईचा.

तेव्हा आमच्या वयाच्या मंडळींना एवढंच सांगणं. आत जा. फाइल स्वतःजवळ ठेवा, पीएसएचे आकडे तारखेसह लिहा. विचारा : हा उपाय बरं करण्यासाठी की रोग आवरण्यासाठी? त्रास काय होईल? खर्च किती? नाही घेतला तर? दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला संकोच नको. मुलांना सोबत घ्या, जरूर घ्या. पण खुर्ची डॉक्टरांसमोरची धरा.