सत्यकथन, दुःखितांशी (ख्रिस्ती विचार)

आजारी, मरणासन्न किंवा शोकग्रस्त माणसाला त्याच्या स्थितीविषयी खरे सांगणे आणि सांगून झाल्यावरही त्याच्याजवळ थांबणे, हे ख्रिस्ती पाळकीय सेवेतील एक कर्तव्य. त्याचा आधार इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे. तेथे पौल सत्य बोलण्याला प्रीतीची अट घालतो.

या बाबतीतला सर्वांत कठोर धडा ईयोबाच्या ग्रंथात मिळतो. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाजवळ त्याचे तीन मित्र सात दिवस, सात रात्री मुकाट बसले. तोवर त्यांचे काही चुकले नव्हते. पुढे त्यांनी त्याच्या दुःखाचे मूळ त्याच्याच पापात शोधले आणि अखेरीस देवाचा रोष ओढवून घेतला. आजाऱ्याला ‘तुझी श्रद्धा कमी पडली’ असे ऐकवणारे आजही त्याच वाटेने जातात. येशूने मात्र आपला मित्र लाजर मेला आहे हे शिष्यांना उघड सांगितले, आणि त्याच अध्यायात (योहान 11) तो लाजराच्या बहिणींच्या शोकात सामील होऊन रडला.

प्राचीन चर्चमधील धर्मपंडित ऑगस्टीनने इ.स. 420 च्या सुमारास असत्यावर लिहिताना एक अवघड प्रसंग घेतला: मरणाच्या दारी असलेला रुग्ण आपल्या मुलाची खुशाली विचारतो, आणि मुलगा तर वारला आहे. ऑगस्टीन खोटे बोलायला मुभा देत नाही, पण या प्रसंगाने आपले मन हेलावते हे लपवतही नाही. सत्य कोणाला, केव्हा सांगावे याचा निर्णय प्रीतीने करावा आणि प्रसंगी मौन पाळावे, असे 1992 ची कॅथलिक धर्मशिक्षा म्हणते.

मुंबईत हा प्रश्न परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या (स्थापना 1941) परिसरात रोज उभा राहतो. ‘पेशंटला काही सांगू नका’ अशी विनवणी नातेवाईक डॉक्टरांना करतात. घरात कर्करोगाला नुसते ‘गाठ’ म्हटले जाते. हे मायेपोटीच घडते. पण आजाऱ्याला बहुधा अंदाज आलेला असतो आणि तोही घरच्यांसाठी गप्प राहतो. मग मुलांची सोय, अबोला धरलेल्या भावाची भेट, मागायची राहिलेली क्षमा, सगळेच अडते. त्यामुळे रुग्णाला काय ठाऊक आहे आणि किती ऐकायचे आहे, हे आधी त्यालाच विचारणे श्रेयस्कर.

याच रुग्णालयातील शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसोझा यांनी 1986 मध्ये वांद्रे येथे शांती आवेदना सदन सुरू केले. असाध्य कर्करोग झालेल्यांची सेवा तेथे होली क्रॉस संघाच्या भगिनी करतात. अशा शुश्रूषागृहांची आधुनिक परंपरा सिसिली साँडर्स या श्रद्धावान ख्रिस्ती डॉक्टरने 1967 मध्ये लंडनला सुरू केली. शरीर, मन, कुटुंब आणि श्रद्धा यांची वेदना त्यांनी एकच मानली. कॉटन ग्रीन येथे कर्करोगावर उपचार घेणारी मुले व त्यांचे आईबाप यांच्या विनामूल्य निवासाचे केंद्र आहे. निराशेच्या प्रसंगी ज्याचा धावा केला जातो, त्या संत ज्यूडचे नाव ते चालवणाऱ्या संस्थेला आहे. मुले आपल्या आजाराविषयी आडपडदा न ठेवता विचारतात. त्यांना वयाला झेपेल एवढे, पण खरेच उत्तर द्यावे लागते.

कॅथलिक घरांत आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याच्या संस्कारासाठी फादरना बोलावणे म्हणजे मरण जवळ आल्याची सूचना, अशी धास्ती होती, म्हणून ते शेवटपर्यंत टाळले जाई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये या संस्काराला ‘रुग्णांचा अभ्यंग’ म्हणणे अधिक योग्य ठरवले आणि तो केवळ मृत्युशय्येपुरता नाही हे स्पष्ट केले. त्यामुळे आजाऱ्याशी बोलणे त्याला बोलता येते तेव्हाच सुरू करता येते.