जाते कोणाचे, मनगट कोणाचे?

अलीकडच्या काही वर्षांत आपल्या मध्यमवर्गाला जात्याची, पाट्याची आणि उखळाची नव्याने ओढ लागली आहे. पाट्यावर वाटलेल्या मसाल्याचे जेवण मिळेल, अशा पाट्या खानावळींबाहेर झळकतात. दगडी जात्यावरचे पीठ गिरणीच्या पिठापेक्षा चढ्या भावाने विकले जाते. मिक्सरने चव गेली, गिरणीने सत्त्व गेले आणि यंत्राने बाईचा व्यायाम गेला, असे लेख छापून येतात आणि 'आपल्या संस्कृतीतले शहाणपण' म्हणून त्यांचे कौतुकही होते. चवीबद्दल मला वाद घालायचा नाही. मिक्सरचे पाते पदार्थ कापते, वरवंटा तो चिरडतो. त्यामुळे खोबऱ्याचे आणि मिरचीचे तेल वेगळ्या रीतीने सुटते, ही गोष्ट खरी आहे. माझा प्रश्न इतिहासाचा आहे. हे जाते इतकी शतके कोणी ओढले? आणि ज्यांनी ते ओढले, त्यांना ते सोडताना दुःख झाले का?

या हत्यारांचे वय मोठे आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत दगडी पाटे आणि रगडे मिळाले. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीही या भूमीत कोणीतरी गुडघे टेकून धान्य रगडत होते. दोन तळ्यांचे, खुंटा धरून फिरवायचे जाते त्यानंतर आले. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पाटा-वरवंट्याच्या विधींकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. बारशाला वरवंट्याला बाळासारखे नटवून पाळण्यात घालतात, लग्नाच्या आधी जात्याची आणि उखळ-मुसळाची पूजा होते, हळद जात्यावरच दळली जाते. हत्यार पूजेला बसले. हत्यार चालवणारीला मात्र कोणी पूजेला बसवले नाही.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. दळण्याचे कष्ट कमी करणारी युक्ती माणसाला ठाऊकच नव्हती काय? ती होती. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी पाणचक्की आहे. दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून त्या पाण्याच्या जोरावर तेथे धान्य दळले जाई आणि यात्रेकरूंचे, फकिरांचे पोट भरे. हिमालयाच्या कुशीतही ओढ्यांवर 'घराट' नावाच्या पाणचक्क्या फिरत आल्या. मग आमच्या गावोगावच्या बायका पहाटे उठून जात्याला का जुंपल्या गेल्या? दख्खनच्या नद्या वर्षातले बरेच महिने कोरड्या असतात, हे एक कारण आहेच आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ते एकटे पुरत नाही. ज्या समाजात सुनेचे, दासीचे आणि शूद्रातिशूद्राचे श्रम फुकट मिळतात, त्या समाजाला श्रम वाचवण्याची घाई कशाला होईल? मनगटाला दाम द्यावा लागला असता, तर त्या मनगटाला पर्यायही शोधला गेला असता.

फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लोक यांनी १९३५ साली युरोपातील पाणचक्कीवर निबंध लिहिला. त्यात हाच धागा आहे. पाणचक्कीचे ज्ञान रोमन जगाला होते, पण जोवर गुलाम मुबलक होते तोवर तिचा प्रसार रेंगाळला. पुढे सरंजामदारांनी स्वतःच्या पाणचक्क्या बांधल्या आणि रयतेने दळणावळ देऊन तेथेच दळावे म्हणून घरोघरची हातजाती जप्त केली. इंग्लंडमध्ये सेंट ऑल्बन्सच्या मठाधिपतीने अशी जप्त केलेली जाती मठाच्या फरशीत बसवली होती. १३८१ च्या शेतकरी उठावात लोकांनी ती फरशी उखडली आणि आपले दगड परत घेतले. तेथे हातजाते स्वातंत्र्याची खूण झाले, कारण यंत्र मालकाचे होते. कोणतेही हत्यार स्वतः पुरोगामी नसते की प्रतिगामी नसते. ते कोणाच्या मालकीचे, कोणाच्या माथी आणि कोणाच्या मर्जीने, यावर त्याचा अर्थ ठरतो.

आपल्याकडे ते कोणाच्या माथी होते, याचा पुरावा शोधायला फार लांब जावे लागत नाही. नामदेवांच्या घरची दासी जनाबाई दळू लागली की विठ्ठल तिच्या जात्याला हात लावतो, अशी कथा महाराष्ट्र शतकानुशतके भक्तिभावाने ऐकत आला. मला त्या कथेत भक्तीइतकाच एक सामाजिक दाखला दिसतो. घरात इतकी माणसे असताना दासीच्या मदतीला देवालाच यावे लागते! दुसरा दाखला तुरुंगाचा. ब्रिटिश अमदानीत सक्तमजुरीच्या कैद्यांना जाते दळायला लावीत. कायद्याने ज्या कामाला गुन्हेगाराची शिक्षा ठरवले, तेच काम घराघरांत सुनेचा धर्म म्हणून चालू होते. कैद्याची शिक्षा मुदत संपली की संपे. सुनेची मुदत तिची सून घरात येईपर्यंत चाले.

आणि जाते घडवणाऱ्याचे काय? दगड फोडणारा वडार, तळ्या घडवणारा पाथरवट, झिजलेल्या जात्याला टाकी लावत गावोगाव फिरणारा टाकणकार आणि टकारी, यांच्यावाचून कोणाच्या घरची भाकरी झाली नसती. दगडाची धूळ त्यांच्या छातीत जात असे. त्यांच्यापैकी कित्येकांना इंग्रज सरकारच्या १८७१ च्या आणि नंतरच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जन्मानेच गुन्हेगार ठरवले. ते कायदे १९५२ साली रद्द झाले, तरी पोलिसांची आणि गावाची नजर रद्द झाली नाही. आज दिवाणखान्याच्या कोपऱ्यात शोभेला जाते मांडणाऱ्यांनी त्या दगडावर टाकीचे घाव कोणाचे आहेत, हेही पाहुण्यांना सांगावे.

हत्याराच्या निवडीचा हा प्रश्न आपल्या देशात राजकीय प्रश्नही झाला होता. गांधीजींनी १९०९ च्या 'हिंद स्वराज्य'मध्ये यंत्रसंस्कृतीवर टीका केली. १९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, वर्ध्याला त्याचे ठाणे झाले आणि हातसडीचा तांदूळ, हातजात्याचे पीठ, घाणीचे तेल यांचा प्रचार सुरू झाला. न्यायाने बोलायचे तर त्यांच्या आश्रमात पुरुषही दळत असत, आणि हे आपल्या कित्येक सुधारकांच्या घरी कधी घडले नाही. पण आश्रमवासी दळतो तो व्रत म्हणून. त्याला ते सोडण्याची मुभा असते. आमच्या आयांना ती मुभा नव्हती. शिवाय गांधीजींनी शिवणयंत्राला अपवाद केला होता. सिंगरने आपल्या बायकोचे शिवणाचे कंटाळवाणे कष्ट पाहून प्रेमापोटी ते यंत्र बनवले, असे कारण त्यांनी दिले. मग हेच प्रेम दळणाऱ्या बाईच्या वाट्याला का येऊ नये?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याचे उत्तर १९४५ साली 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांचे काय केले' या ग्रंथात दिले. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : पशू आणि माणूस यांत फरक आहे तो संस्कृतीचा. संस्कृतीला फुरसत लागते. सारा दिवस पोटासाठी राबणाऱ्याला फुरसत मिळत नाही. ती यंत्रच मिळवून देऊ शकते. यंत्रामुळे जे अनर्थ होतात त्यांचा दोष यंत्राचा नसून समाजरचनेचा आहे, म्हणून बदलायची ती समाजरचना. १९१८ सालच्या शेतीवरील निबंधातही त्यांनी औद्योगिकीकरणाचीच बाजू मांडली होती. दलित चळवळीतल्या कार्यकर्त्याने हा विचार केवळ कारखान्यापुरता मानू नये. चुलीपाशी तो सर्वांत आधी लागू होतो. बाईला पहाटेचे दोन तास मिळाले, तरच ती पाटी हातात धरणार, सभेला जाणार.

आता पौष्टिकपणाचा मुद्दा. तो फेटाळून लावण्यासारखा नाही. जावामध्ये आइकमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पाहिले की पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग होतो आणि कोंडा असलेल्या तांदळाने तो बरा होतो. या संशोधनासाठी १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पण यातून निष्पन्न काय होते? सत्त्व कोंड्यात आहे. बाईच्या घामात नाही. कोंडा राखून भात सडणारे यंत्र बनवता येते आणि बनवले गेले आहे. कोंड्याचे श्रेय मुसळाला देणे, ही सोयीस्कर गल्लत आहे.

मात्र यंत्र आले म्हणजे मुक्ती आली, असेही मी म्हणणार नाही. आमच्या गावात पिठाची गिरणी आली तेव्हा मी शाळकरी होतो. डिझेलच्या इंजिनाचा आवाज शिवारभर ऐकू जाई. गिरणीवाला आमच्या वस्तीची दळणे सगळ्यांत शेवटी घेई. कारण साधे होते : जात्याच्या पोटात मागच्या दळणाचे मूठभर पीठ राहते आणि ते पुढच्याच्या डब्यात जाते. आमच्या ज्वारीचे पीठ त्यांच्या पिठात मिसळले तर? लोखंडाच्या यंत्रालाही गावाने जात चिकटवली. आई डबा घेऊन भिंतीकडेला उभी राही, दिवेलागणीपर्यंत. मी चिडून म्हणालो, त्यापेक्षा घरीच दळ. ती म्हणाली, "थांबंन बाबा शेवटपातुर, पर जात्याला हात लावायची न्हाई." अपमान होता, तो तिला कळत होता. पण त्या अपमानाविरुद्ध भांडायचे ते गिरणीच्या दारात, पुन्हा जात्यापाशी जाऊन नव्हे, हे तिला माझ्याआधी कळले होते. पुढे वस्तीतल्या तरुणांनी ते भांडण केले आणि रांग एक झाली.

यंत्राची दुसरीही एक बाजू आहे. भात सडणाऱ्या कांडपिणी आणि मजुरीने दळणाऱ्या बायका यांचे पोट त्या कामावर होते. गिरणी आली तशी त्यांची मजुरी गेली. सरकारने १९५८ साली भातगिरण्यांच्या नियमनाचा कायदा केला, त्यामागे हातसडीच्या रोजगाराची चिंता होती. तो कायदा १९९७ साली रद्द झाला. दरम्यान भात गिरणीकडे गेला आणि गिरणी सहसा कांडपिणीच्या मालकीची झाली नाही. मुंबईच्या लालबागेत आजही विजेच्या डंकावर मिरची-मसाला कांडला जातो. लोखंडी मुसळे आपोआप वरखाली होतात. हे कष्ट वाचले ते चांगलेच झाले. प्रश्न असा की, डंक कोणाचा आणि त्याच्यासमोर खोकत उभी राहणारी मजूर कोण? बाबासाहेबांनी समाजरचना बदला म्हटले होते, त्याचा अर्थ हा आहे.

राहिला ओव्यांचा प्रश्न. जाते गेले आणि ओवी गेली, अशी हळहळ व्यक्त होते. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे फार मोठे काम आहे. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली स्त्रियांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यात ध्वनिमुद्रित आहेत. त्या ओव्या मला आमच्या इतिहासाची कागदपत्रे वाटतात, कारण ज्यांना अक्षर नाकारले होते त्यांनी आपली नोंद दळताना केली. पण म्हणून ओवी ही जात्याची देणगी ठरत नाही. कष्ट असह्य होते म्हणून बाई गाई. ज्या घटकेला घरात कोणी तिचे ऐकत नसे, त्या घटकेला ती दगडाला सांगे. जाते सुटल्यावर आमच्या बाया मुक्या झाल्या नाहीत. त्यांची गाणी मोर्चात गेली, जयंतीच्या मंडपात गेली. शांताबाई कांबळे आणि बेबी कांबळे यांनी तर पुस्तके लिहिली. आयुष्यभर जाते ओढले असते, तर ही पाने कोणत्या वेळी लिहिली गेली असती?

२०१९ साली देशात झालेल्या वेळ-वापर पाहणीत असे दिसले की, घरकाम करणारी स्त्री त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवते आणि घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटे. त्यातही फार थोडे पुरुष या कामाला हात लावतात. म्हणजे गिरणी, मिक्सर आणि गॅस आल्यानंतरही हिशेब असा आहे. या हिशेबावर उपाय म्हणून कोणी पाटा-वरवंट्याकडे परत चला म्हणत असेल, तर त्याला एवढेच विचारावे : वाटणार कोण? तो स्वतः पाट्यासमोर बसणार असेल, तर त्याने खुशाल बसावे. मला त्याची चटणी चाखायला आवडेल. पण हा उपदेश घरातल्या बाईला किंवा धुण्याभांड्यांना येणाऱ्या बाईला उद्देशून असेल, तर त्याला संस्कृतीप्रेम म्हणू नये. ती जुन्या वेठबिगारीची नवी जाहिरात आहे.

विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे की, आपल्या आज्या अजून हयात आहेत तोवर त्यांच्यापाशी बसा. किती वाजता उठत होतात, किती शेर दळत होतात, आजारपणात कोण दळत असे, गिरणी कधी आली आणि रांगेत तुम्हाला कोठे उभे केले, हे विचारा आणि लिहून घ्या. वस्तुसंग्रहालयांत जाती पुष्कळ जमा झाली आहेत. ती ओढणाऱ्यांची साक्ष अजून जमा व्हायची आहे.