विद्युत हृदालेख (ईसीजी)

हृदयाच्या ठोक्यामागील विद्युत लहरींची कागदावर उमटणारी नोंद. लहर उजव्या अलिंदातील एसए नोडपासून निघते आणि निलयांत उतरते. नोंदीतील पी लाट अलिंदांची, टोकदार क्यूआरएस निलयांच्या उद्दीपनाची, तर टी लाट निलये पूर्ववत होण्याची. ईसीजीमागील यंत्रणेच्या शोधासाठी व्हिलेम आइंटहोव्हेन यांना १९२४ चे नोबेल मिळाले.

कागद सेकंदाला २५ मिमी सरकतो, म्हणून लहान चौकोन ०.०४ व मोठा ०.२ सेकंदाचा. ठोके नियमित असतील तर ३०० ला दोन आर-शिखरांमधील (क्यूआरएसच्या टोकांमधील) मोठ्या चौकोनांनी भागावे : चार चौकोन म्हणजे मिनिटाला ७५ ठोके. प्रौढांत विश्रांतीच्या वेळी ६० ते १०० सामान्य. अंतरे अगदीच अनियमित आणि पी लाट दिसत नसेल, तर अलिंद-कंपनाची शंका घ्यावी.

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूलसारख्या डोंगराळ भागात हृदयरोगतज्ज्ञ दूर शहरात असतो, त्यामुळे पहिला निर्णय पुष्कळदा या पट्टीवरच होतो. भातलावणीवरून थेट आलेल्या माणसाची ओली छाती आधी नीट पुसावी लागते. नाहीतर इलेक्ट्रोड सुटतात, रेघ थरथरते आणि ती थरथर रोगासारखी भासते. घाईत हेच राहून जाते.

क्यूआरएस आणि टी यांमधील एसटी रेघ वर उचललेली दिसणे हे हृदयविकाराच्या झटक्याचे महत्त्वाचे लक्षण. मात्र पहिला आलेख सामान्य आला तरी झटका नाकारता येत नाही. छातीत दुखणे चालू असेल तर आलेख पुन्हा काढावा, आणि घरी असाल तर १०८ वर फोन करावा.