आगपेटीचं माहेर

मेळघाटातल्या धारणीच्या आठवडी बाजारात तेल-मिठासोबत पिशवीत आगपेटी पडतेच. तिचं मूळ शोधताना मी अडखळलो ते एका गुरू-शिष्याच्या जोडीपाशी.

काडीच्या गुलात फॉस्फरस नसतोच, तिथं पोटॅशियम क्लोरेट असतं. फॉस्फरस असतो पेटीच्या कडेच्या तपकिरी पट्टीत, आणि तोही लाल. काडी ओढली की त्यातला कणभर लाल फॉस्फरस घर्षणाच्या उष्णतेनं पांढरा होतो आणि भडकतो. मूलद्रव्य तेच, स्वभाव मात्र दोन. पांढरा विषारी, हवेत तिशीच्या आसपासच्या तापमानालाच पेटणारा. धारणीच्या मे महिन्यात तो उघड्यावर ठेवला तर काडीची गरजच उरायची नाही.

पांढरा सापडला 1669 मध्ये, हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांटला, मूत्र आटवताना. पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांनी कारखान्यांतल्या मजुरांचे जबडे सडवले.

खरा वाद लालवर आहे. व्हिएन्नाचे श्र्योटर हे त्याचे जनक, असं पुस्तकं सांगतात. बंद, हवारहित भांड्यात पांढरा फॉस्फरस तापवून हा लाल पदार्थ ऑक्साइड नसून फॉस्फरसच आहे, हे त्यांनी 1840 च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवून दिलं. मान्य. पण गुलातलं विष काढून घासायच्या पट्टीत लाल फॉस्फरस घालण्याचं पेटंट स्वीडनच्या गुस्ताफ एरिक पाशनं 1844 मध्येच घेतलं होतं! पाश हा स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बेर्झेलियसचा शिष्य, आणि एकाच मूलद्रव्याच्या अनेक रूपांना ‘अपरूपता’ हे नाव 1841 मध्ये दिलं ते याच बेर्झेलियसनं. शिष्याच्या डोक्यात ती पट्टी गुरूच्या शिकवणीतूनच आली, असं मी छातीठोक सांगतो. लेखी पुरावा मागू नका.

पाशला मात्र धंदा साधला नाही. लाल फॉस्फरस तेव्हा फार महाग पडे. तो स्वस्त झाल्यावर यॉनशॉपिंगच्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी 1855 च्या पॅरिस प्रदर्शनात नाव कमावलं. पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या भारतात 1913 च्या कायद्यानं बंद झाल्या. पुढं आयात काड्यांवरची जकात वाढली तेव्हा स्वीडिश मंडळी इथंच येऊन बसली: 1923 मध्ये ‘विमको’ ही कंपनी उभी राहिली आणि अंबरनाथला कारखाना निघाला. स्वीडनात काड्या अ‍ॅस्पेनच्या लाकडाच्या. इकडं सावरीचं लाकूड चाललं, आणि सावर तर मेळघाटातही आहे.

लाल फॉस्फरस सिद्ध करण्याचा मान श्र्योटरला खुशाल द्या. आगपेटी मात्र पाशची.