टेलिफोन खात्यातली नोकरी : दार कोणी उघडले, कोणी लावले?

सुरगाण्यात आम्ही तरुणांशी नोकरीबद्दल बोलतो, तेव्हा एक वाक्य नेहमी कानावर येते : "मोठ्या मोबाइल कंपनीत चिकटलो की झालं." आमचा प्रश्न असा आहे की चिकटायचे नेमके कुठे? कंपनीच्या पगारपत्रकावर, की कंत्राटदाराच्या वहीत? दोघांच्या अंगात एकाच कंपनीचे जॅकेट असते, पण दोघांचे आयुष्य एक नसते. हा फरक समजून घ्यायचा तर टेलिफोन खात्याचा इतिहास पाहावा लागतो.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री असताना, १९४३ साली केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. पुढे संविधानाच्या कलम १६(४) ने आरक्षणाला घटनात्मक आधार दिला आणि १९७० साली हे प्रमाण अनुसूचित जातींसाठी १५ टक्के व जमातींसाठी साडेसात टक्के झाले. डाक-तार खाते हे केंद्राचे खाते. म्हणून लाइनमन, ऑपरेटर, क्लार्क, इंजिनिअर या जागांवर आपली माणसे दिसू लागली. कोणा अधिकाऱ्याच्या मेहेरबानीने हे झाले नाही, कायद्याने झाले.

पण याच दारावर बौद्धांची अडवणूकही झाली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ज्याने कागदावर 'बौद्ध' लिहिले, त्याला महाराष्ट्र सरकारच्या सवलती १९६० पासून मिळाल्या, पण केंद्राच्या नोकरीत तो अनुसूचित जातीचा राहिला नाही. धम्म की नोकरी, असा पेच घराघरांत होता. तो सुटला १९९० साली, घटना आदेशात दुरुस्ती झाल्यावर. म्हणजे ३४ वर्षे! टेलिफोन खात्यातल्या नोकरीचे गोडवे गाताना ही किंमत विसरता येत नाही.

फायदे मात्र खरेच मोठे होते. दर महिन्याला ठरलेला पगार, पेन्शन, औषधोपचार, बाळंतपणाची रजा. त्या पगारावर पुढची पिढी शिकली. युनियन होती, म्हणून वरिष्ठांसमोर मान वर करून बोलता येत होते. १९७८ मध्ये बामसेफ उभी राहिली ती अशाच सरकारी कर्मचाऱ्यांच्या वेळेवर आणि पैशावर. बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्यात शिकलेल्या नोकरदारांबद्दल जी खंत बोलून दाखवली होती, तिला काहींनी दिलेले ते उत्तर होते.

तोटेही सांगितले पाहिजेत. गोपनीय अहवाल लिहिणारा साहेब जातीच्या चष्म्यातून पाहणारा असेल, तर बढती अडायची. आदिवासींच्या राखीव जागांवर बोगस दाखल्याने शिरकाव झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अशी नोकरी टिकणार नाही असे सांगितले, पण तोवर खऱ्या आदिवासीची उमेद निघून गेली होती. आणि सर्वात खाली होता रोजंदारी मजूर. केबलसाठी चर खणणारा, खांब उभे करणारा. वर्षानुवर्षे राबायचा, पण कायम नाही. तो कोर्टात गेला. २७ ऑक्टोबर १९८७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डाक-तार खात्याला फटकारले आणि या मजुरांना सामावून घेण्याची योजना करायला लावली. १९८९ च्या योजनेमुळे वर्षात २४० दिवस भरलेल्या मजुराला कायम होण्याची वाट मिळाली.

पुढे उलटी गंगा वाहू लागली. १ ऑक्टोबर २००० रोजी दूरसंचार सेवा खात्यातून काढून 'भारत संचार निगम' ही कंपनी झाली. त्यानंतर वर्षभरातच, ऑगस्ट २००१ मध्ये, स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कंत्राटी पद्धत बंद झाली तरी कामगार आपोआप कायम होत नाही. २००२ मध्ये विदेश संचार निगम टाटांकडे गेली. २०१९ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत बीएसएनएलचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी, म्हणजे जवळपास निम्मे, ३१ जानेवारी २०२० ला एकाच दिवशी बाहेर पडले. गेलेल्यांना निदान पैसे आणि पेन्शन मिळाली. पण राखीव जागा माणसाबरोबर घरी जात नाही. पद संपले की रोस्टरवरचा बिंदूही संपतो. ती जागा पुढच्या पिढीची होती, तिला कोणी विचारले?

काही जण म्हणतील, खासगी कंपन्या आल्या म्हणून फोन स्वस्त झाला, नाहीतर खात्याच्या काळात वर्षानुवर्षे नंबर लागत नव्हता. हे खरे आहे. डोंगरातल्या आदिवासी पाड्यांपर्यंत खात्याची तारही नीट पोहोचली नव्हती. पण फोन स्वस्त व्हायला कामगार कंत्राटी असलाच पाहिजे, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? शिवाय खासगी कंपनी नफा दिसेल तिथेच जाते. नेटवर्कविना राहिलेल्या देशभरातल्या २४,६८० गावांत ४-जी नेण्याचे काम २०२२ मध्ये केंद्राने बीएसएनएलकडेच दिले, २६,३१६ कोटी रुपये सरकारी निधी मंजूर करून. ग्राहक कमी आणि डोंगर जास्त, तिथे शेवटी सरकारच लागते. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, हे बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये मांडले, ते उगाच नाही.

सुरगाणा हा पाचव्या अनुसूचीतला तालुका. कोकणा, महादेव कोळी, वारली समाजाची ही भूमी. इथल्या जमिनीवर टॉवर उभा राहतो, तेव्हा खड्डा खणायला, साहित्य डोंगरावर चढवायला, रात्री राखण करायला इथलाच पोरगा लागतो. पण तो कंत्राटदाराच्या उपकंत्राटदाराकडे. नेमणूकपत्र नाही, आरक्षण नाही. १९८७ चा मजूर जिथे उभा होता, तिथेच त्याला पुन्हा आणून ठेवले आहे. फरक इतकाच की तेव्हाच्या मजुराला मालक कोण ते माहीत होते.

म्हणून कंपनी किती मोठी हे पाहू नका. नेमणूकपत्रावर सही कोणाची, भविष्य निर्वाह निधी कोणत्या खात्यात भरला जातो, अपघात झाला तर भरपाई कोण देणार, हे आधी विचारा. आणि मागणी करायची तर ही : सरकारी पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक टॉवरच्या कंत्राटात स्थानिक आदिवासींची भरती, किमान वेतन आणि आरक्षणाची अट लेखी असली पाहिजे. पैसा जनतेचा असेल, तर संविधानही तिथे लागू झालेच पाहिजे.

जय भीम!